वास्तू तथास्तु म्हणते

मरणाविषयी बोलायला सकाळची वेळ बरी, असं माझं मत आहे. रात्री बोललं तर झोप उडते, दुपारी ऐकणारा पेंगतो, आणि तिन्हीसांजेला तर आपल्याकडे सोयच नाही. दिवेलागणीला कुणी "मी गेल्यावर" एवढे दोन शब्द उच्चारले की घरातली सगळी तोंडं त्याला एकदम गप्प करतात. सकाळी चहा ताजा असतो, डोकं जागेवर असतं, आणि पेपरातल्या निधनवार्तांच्या चौकटी समोरच असतात. एका वयानंतर आपण पेपर त्याच पानावर उघडतो, हे कुणी कबूल करत नाही इतकंच.

दहाव्याच्या दिवशी घाटावर काय चालतं ते बहुतेकांनी पाहिलेलं आहे. पुण्यातलं ओंकारेश्वर असो, नाशिकचं रामकुंड असो, की कृष्णाकाठचा एखादा चार पायऱ्यांचा घाट. भाताचे पिंड मांडून होतात, गुरुजी बाजूला होतात आणि जमलेली मंडळी मागे सरून झाडाकडे बघत उभी राहतात. कावळा फांदीवर बसलेला असतो. थोरला मुलगा पुढे होऊन हात जोडतो. "अण्णा, काळजी करू नका. आईला आम्ही अंतर देणार नाही." कावळा हलत नाही. "धाकटीचं लग्न व्यवस्थित करू." कावळा मान वाकडी करतो. मग एकेकाला एकेक आठवायला लागतं. ओढ्याकाठचं रान विकू नका म्हणाले होते. पुतण्याच्या शिक्षणाचं बोलले होते. सख्ख्या भावाशी बोलणं तुटलं होतं, तो भाऊ गर्दीत मागेच उभा असतो. त्याला कुणीतरी पुढे ढकलतं, आणि "दादा, झालं गेलं विसर" म्हणताना त्याचा आवाज फुटत नाही. शेवटी एखादी आत्या बोलते. "अरे, शेवटी शेवटी जिलबी मागत होते. साखर वाढेल म्हणून तुम्ही दिली नाहीत. जिलबी आणा." कुणीतरी स्कूटरवरून जाऊन जिलबी आणतं. ती पिंडाशेजारी ठेवली की कावळा येतो, किंवा येत नाही. नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंड शिववून घेतात आणि मंडळी घड्याळं बघत परततात.

याची टिंगल करणं फार सोपं आहे. घाटावरच्या कावळ्यांची पोटं तुडुंब असतात, पितृपक्षात ते पिंडाकडे ढुंकूनही बघत नाहीत, हा विनोद आपण सगळ्यांनी केलेला आहे. पण ज्याने कुणी ही रीत बसवली त्याला माणसं चांगली कळत होती. दहा दिवस सुतकात घर बंद असतं. शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, भेटायला येणारे तीच कहाणी पुन्हा सांगायला लावतात, आणि पुन्हा पुन्हा सांगून ती जरा बोथट होते. दहाव्या दिवशी सगळ्या गोतावळ्यासमोर मुलांना मोठ्याने वचनं द्यावी लागतात. चारचौघांत, उघड्यावर. कावळा शिवला की एकदम सगळ्यांचा श्वास सुटतो, बायका डोळे पुसतात, नि त्या दिवसापुरतं का होईना, गेलेल्या माणसाचं आणि आपलं काहीतरी मिटलं असं वाटतं. हे काम दुसऱ्या कशाने इतकं स्वस्तात झालं असतं असं मला वाटत नाही.

१९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरांनी कावळा आणि पिंड दोन्ही सोडले. तिथे जलदान विधी होतो, गेलेल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. लिंगायतांत दहन नाही, दफन आहे. ख्रिस्ती नि मुसलमान घरांच्या रीती आणखी निराळ्या. रीत कुठलीही घ्या, जमलेल्यांच्या मनात एकच प्रश्न फिरत असतो: याला, हिला, काय हवं होतं? सगळं कुटुंब मिळून हा प्रश्न विचारतं ते आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, आणि उत्तर देणारा माणूस तेवढा जागेवर नसतो. दोन आठवड्यांपूर्वी होता. पलंगावर होता, कण्हत होता, पण होता.

मग तेव्हा का नाही विचारलं? मायेपोटीच. म्हातारा माणूस दहा वेळा विषय काढतो. "माझं काय आता, पिकलं पान" म्हणतो. "माझं काही झालं तर ते कपाटातले कागद..." असं सुरू करतो. सून म्हणते, "बाबा, असं अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते." मुलगा म्हणतो, "तुम्हाला काय धाड भरलीय? शंभरी गाठणार तुम्ही." दोघांच्या बोलण्यात प्रेमच असतं. पण म्हाताऱ्याला कळायचं ते कळतं, की हा विषय या घरात चालणार नाही. तो क्रिकेटचा स्कोअर विचारतो. पुढच्या वेळी काढत नाही. मला राहून राहून वाटतं, घरातल्या ज्या माणसाला मरणाविषयी सगळ्यात कमी भीती वाटत असते त्यालाच आपण घाबरून गप्प करतो.

आधीच्या पिढीतल्या बायका या बाबतीत जास्त धीट होत्या. माझ्या आजीच्या ट्रंकेत तळाशी एक नवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. ते कशासाठी आहे हे घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. देवघरात काशीहून आणलेली गंगेची सीलबंद लोटी होती, ती कधी फोडायची तेही ठाऊक होतं. पुरचुंडीत बांधलेले पैसे "दिवसांच्या खर्चाला" होते, कुणाला दम लागला तरी त्यांना हात लावायचा नाही. पाटल्या कुणाच्या, नथ कुणाची, हे तांदूळ निवडता निवडता सांगून झालं होतं, तेही दोन्ही सुना समोर असताना, म्हणजे पुढे भांडण नको. "मला जमिनीवर घ्यायला उशीर करू नका, पण घाईही करू नका," असं ती म्हणायची, आणि पुढच्याच वाक्यात भाजीला मीठ कमी पडल्याचं सांगायची.

त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. त्याच बायकांपैकी कितीतरी जणी नवऱ्याआधी मरण यावं म्हणून व्रतं करत होत्या, कारण मागे राहणाऱ्या विधवेचं काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सवाष्णपणी हिरव्या लुगड्यात जाण्याच्या त्या इच्छेत भक्ती किती आणि भय किती, कोण सांगणार? दुखणं आलं तर वेदना शमवायला काही नव्हतं. पण मरण घरात, माजघरात, सगळ्यांच्या देखत येत होतं, आणि काय करायचं हे ठरवणारी माणसं तीच होती ज्यांच्याबरोबर तांदूळ निवडले होते.

आता जागा बदलली आहे. आता ठरवायची वेळ येते ती आयसीयूच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, रात्री दोन वाजता, उभ्या उभ्या. तरुण डॉक्टर बाहेर येतो, दमलेला असतो. "व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? लवकर सांगा." हातात सहीचा कागद. मुलगा बायकोकडे बघतो. न्यू जर्सीची बहीण व्हिडिओ कॉलवर आहे, रेंज तुटते आहे. नागपूरहून निघालेले काका गाडीतून सांगतात, "पैशाकडे बघू नका, सगळं करा." मी पाहिलेल्या घरांत एक गोष्ट जवळजवळ नेहमी दिसली: जो सगळ्यात लांब राहतो तो सगळ्यात जास्त उपचार मागतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने शेवटचे सहा महिने पाहिलेले नसतात. त्याच्या डोळ्यांसमोर मागच्या दिवाळीला विमानतळावर न्यायला आलेले बाबा असतात. जवळ राहणाऱ्याला कळत असतं, पण "बस झालं आता" म्हणायची छाती होत नाही, कारण मग ते आयुष्यभर आपल्या नावावर लागेल. सही होते. कधी घेतलं जातं, कधी नाही. दोन्हींनंतर घरात जे मागे उरतं त्याला नुसतं दुःख म्हणून चालत नाही. "घेतलं असतं तर वाचले असते", किंवा "उगाच आठ दिवस हाल केले". वर्षश्राद्ध झालं तरी हे वाक्य पिच्छा सोडत नाही. माणूस गेल्याचं दुःख कुणाला चुकत नाही, चुकू नये. या वाक्याचं ओझं मात्र टाळण्यासारखं असतं.

दुःखाच्या पाच पायऱ्या आता सगळ्यांना पाठ झाल्या आहेत: नाकारणं, चिडणं, घासाघीस, खचणं, स्वीकार. समुपदेशनाच्या प्रत्येक व्याख्यानात त्या येतात, आणि मग बायको जाऊन महिना झालेला एखादा माणूस विचारतो, मी कितव्या पायरीवर आहे? एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं ते पुस्तक १९६९चं. त्यातल्या पायऱ्या मागे राहिलेल्यांच्या नव्हत्याच. ज्यांना आपण मरणार हे कळलं होतं अशा रुग्णांशी बोलून त्यांनी त्या मांडल्या होत्या. पुढे त्या शोक करणाऱ्यांना चिकटवल्या गेल्या. मला त्या पुस्तकात पायऱ्यांपेक्षा मोठी वाटते ती आधीची हकिगत. शिकागोच्या रुग्णालयात त्यांनी मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलू द्या म्हटलं, तर डॉक्टर मंडळी म्हणू लागली, असे रुग्ण आमच्याकडे नाहीतच. एवढ्या मोठ्या रुग्णालयात मरणारं कुणीच नव्हतं! त्या तरीही गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि विचारू लागल्या. बरेच रुग्ण बोलायला तयारच होते. वास्तू तथास्तु म्हणते ही समजूत शिकागोतही होती, फक्त तिथे ती पांढरा कोट घालून फिरत होती.

आपल्याकडे इच्छेने पत्करलेल्या मरणाची गोष्ट निघाली की विनोबा आठवतात. नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला, दिवाळीत, देह ठेवला. गोव्यात जन्मलेले पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी १९४७च्या जूनमध्ये सेवाग्रामला असंच अन्न सोडून प्राण सोडले. त्याआधी एकदा गांधीजींनी त्यांना परावृत्त केलं होतं. ही शिखरं लांबून बघायची. साधकाचं मरण साधकालाच साधतं, ते कुणाच्या घरातल्या खचलेल्या, कंटाळलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी उदाहरण म्हणून वापरू नये. त्याला आधी चांगला डॉक्टर आणि बोलायला माणूस हवा असतो. माझ्या मनात आहे ते फार साधं आहे. मला ज्या माणसाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते तो संसारी होता, कंत्राटदारी केलेला होता, आणि त्याने कागद केला होता.

जोतीराव फुल्यांनी १० जुलै १८८७ रोजी मृत्युपत्र केलं. वय साठ. दत्तक मुलगा यशवंत याच्याविषयी, मालमत्तेविषयी त्यात लिहिलं, आणि आपल्या देहाविषयीही: दहन करू नये, मिठात घालून पुरावं. नुसतं लिहून थांबले नाहीत, घराच्या मागच्या बाजूला खड्डा खणून ठेवला होता. जिवंत माणसाच्या घरामागे त्याचा स्वतःचा खड्डा! त्या काळच्या पुण्यात यावर काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना करता येते. वर्षभरातच, १८८८च्या जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं. मग डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरं केलं. मृत्युपत्र तोवर होऊन गेलेलं होतं. त्याला आणखी वर्षभर उशीर झाला असता तर ते कोणत्या अवस्थेत करावं लागलं असतं, कोण जाणे. शहाणपण यात आहे, की हात चालत होता तेव्हाच कागद झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आणि जे लिहिलं होतं ते झालं नाही! वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, दहन करावं लागलं. त्यात भाऊबंद उभे राहिले. अंत्ययात्रेत पुढे टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, कोण धरणार? जो धरेल तो वारस. दत्तक पोराचा काय अधिकार, असा वाद निघाला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं स्वतः हातात घेतलं आणि यात्रेच्या पुढे चालू लागल्या. पुढे जोतीरावांच्या अस्थी त्याच खड्ड्यात ठेवल्या गेल्या, वर तुळशी वृंदावन बांधलं. पुण्याच्या गंज पेठेत फुले वाड्यात ते आजही आहे.

मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा येतो तो टिटव्यासाठी. सांगून ठेवलेली इच्छा पुरी होईलच याची खात्री नसते. नगरपालिका आडवी येते, कायदा येतो, पाऊस येतो, भाऊबंद येतात. पण सावित्रीबाईंना त्या सकाळी अंदाज बांधावा लागला नाही. यशवंत आपला मुलगा आहे, हा आपला वारस आहे, हे नवऱ्याने लिहून ठेवलं होतं, दोघं मिळून ते जगले होते. ऐन दुःखात एक बाई चालत्या रूढीसमोर पाय रोवून उभी राहिली, त्यामागे तिचं स्वतःचं धैर्य होतंच, आणि ठाऊक असण्याचं बळही होतं. ज्याला ठाऊक असतं त्याच्या हातांना काम असतं. ज्याला ठाऊक नसतं तो कॉरिडॉरमध्ये उभा राहतो.

आणि ज्यांना विचारण्याची वेळच आली नाही? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग पंचवीस वर्षांच्या होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ला झालेल्या लैंगिक हल्ल्यात मेंदूला इजा झाली, आणि त्याच रुग्णालयातल्या एका खोलीत त्या जवळजवळ ४२ वर्षं पडून होत्या, १८ मे २०१५पर्यंत. पंचविशीतल्या मुलीला कोण विचारतं, तुझं असं झालं तर काय करायचं? पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात जाऊन त्यांच्यासाठी सुटका मागितली. परिचारिका म्हणाल्या, आमची अरुणा आहे, आम्ही सांभाळू. पिढ्यान् पिढ्या परिचारिका बदलल्या, पण अरुणाच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. मासे भरवले की तिचा चेहरा खुलतो, असं त्या सांगत. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने विराणींचं म्हणणं मान्य केलं नाही, अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क रुग्णालयाच्या लोकांचा ठरवला, पण त्याच निकालात पुढची वाटही उघडली. दोन्ही बाजूंना तिच्याविषयी माया होती. दोन्ही बाजू अंदाज बांधत होत्या, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं.

त्या वाटेने पुढे ९ मार्च २०१८चा निकाल आला. शुद्धीत असलेला प्रौढ माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, की सुधारण्याची आशा उरली नाही आणि मला बोलता येईनासं झालं, तर नुसतं लांबवणारे उपचार माझ्यावर करू नका. तेव्हाच्या अटी अशा होत्या, की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. कोर्टाची पायरी चढायला नको म्हणून लोकांनी तो नाद सोडला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात लिहायची. वेळ आली की रुग्णालयातलं डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ तपासतं, मगच काही होतं. मन बदललं तर कागद रद्द करता येतो. मरणाचं इंजेक्शन वगैरे यात काही नाही, ते आपल्याकडे गुन्हाच आहे. औषधाने बरा होणारा न्यूमोनिया झालेल्या म्हाताऱ्याला दारातून परत पाठवायलाही हा कागद नाही, हे लोभी वारसांसाठी वेगळं सांगितलेलं बरं.

गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं वैद्यकीय इच्छापत्र करून सुरुवात केली. मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपला कागद तयार केला आणि मग तो जपून ठेवायला सरकारी माणूसच नेमलेला नाही, म्हणून उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांत असे अभिरक्षक नेमले गेले. मरणाची तयारी पुरी झाली, ती जमा करायची खिडकी मात्र उघडायची होती, हे अगदी आपल्याकडचंच.

कागद फक्त काय करू नका ते सांगतो. काय करा, ते त्यात मावत नाही. लंडनला १९६७मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं करणाऱ्या सिसिली सॉण्डर्स सांगत, की मरणाऱ्याची वेदना नुसती अंगात नसते. ती मनात असते, नात्यांत असते, देवाशी चाललेल्या भांडणात असते. मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्याला वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून आहे. तरी आपल्याकडे अजून "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं" असं समजून लोक दुखणाऱ्या माणसाला दुखू देतात. वेदना थांबली की माणूस बोलू लागतो, आणि बोलू लागला की जे मागतो ते बहुतेक वेळा अगदी लहान असतं. खिडकी उघडा. दिवा चालू राहू दे. धाकट्याला बोलवा, पण त्याच्या बायकोला आत्ता नको. जिलबी.

विचारायचं कसं, ही खरी अडचण. "तुम्हाला कसं मरायला आवडेल" असं विचारलं तर कोणीही उठून जाईल. मला एक उपाय सापडला आहे. दुसऱ्याच्या दहाव्याहून घरी आलं की हातपाय धुऊन बसल्यावर नुसतं म्हणायचं, "जोशीकाकांचे शेवटचे दिवस फार कठीण गेले, नाही?" म्हातारा माणूस जोशीकाकांविषयी जे बोलतो ते स्वतःविषयी असतं. "नळ्या घातल्या, मेला बिचारा कुत्र्यासारखा" किंवा "मुलांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, नशीबवान". दोन्हीही उत्तरं आहेत. मध्ये तोंड घालायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा ऐकायचं, कारण माणसाचं मत बदलतं. गुडघे दुखत असताना जे नकोसं वाटतं ते पणतू झाल्यावर हवंसं वाटतं. काहींना बोलायचंच नसतं. "तुम्हीच बघा काय ते" म्हणतात. मग एवढंच विचारायचं, तुम्ही म्हणजे कोण? तिघांपैकी कुणी ठरवायचं? त्याचं नाव मिळालं तरी निम्मं काम झालं.

माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे, तिच्याबाबतीत मला एवढी चतुराई करावी लागली नाही. शेजारचे काका गेले त्या आठवड्यात तीच चहा पिता पिता म्हणाली, "मला तसं नळ्यांत ठेवू नका हं."

मी कप खाली ठेवला. "मग कसं ठेवू?"

"साधा ताप, न्यूमोनिया, पडले-झडले तर औषध करा. लगेच वर पाठवायची घाई नको, नातीचं लग्न बघायचंय मला. पण ओळखेनाशी झाले आणि डॉक्टर म्हणाले काही उरलं नाही, तर घरी आणा. माझ्या खोलीत. ते आडवं कपाट हलवावं लागेल, नाहीतर दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहणार नाही."

"बरं."

"ठरवायचं तू आणि सुमननं. तुझ्या मामाचं ऐकू नका, तो फार रडतो. आणि तेराव्याला बुंदी करू नका, त्यालाच साखर आहे, तो खाल्ल्याशिवाय राहायचा नाही. शेवयांची खीर करा, कमी गोड."

मी हसायला लागलो. ती हसली नाही. "हसतोस काय, वही आण. तारीख घाल वर." मी वही आणली, तारीख घातली, ती सांगत गेली. पान भरलं तशी तिने चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"साठी उलटली ना तुझी? तुझं कुणाला माहीत आहे?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "थांबा, गॅस बंद करून येते. मलाही ऐकायचंय."